गोळी लागली की सांगायचं

२९ जुलै १९८६

पहाटे त्र्यंबकमामांचा साताऱ्याहून फोन. प्रसन्न गेला. शनिवारी, खंबाटकीच्या घाटात, मोटारसायकलवरून. ट्रंक कॉल लागेपर्यंत मंगळवार उजाडला. तोवर सगळं उरकलंय. अग्नी मामांनी दिला.

"अक्काला आत्ता काही सांगू नकोस," मामा म्हणाले. "तिचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे. परक्या मुलखात तिला काही झालं तर तू एकटा काय करशील? नोव्हेंबरात तिला घेऊन ये. इथं सगळे मिळून सांगू."

अक्का म्हणजे माझी आई. मे महिन्यापासून इथे अमेरिकेत, ट्रॉयला आमच्याकडे आहे. फोन किचनमध्ये, तिची खोली किचनला लागून. मी "बरं" म्हणालो. मग "हो" म्हणालो, आणखी एकदा "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. धाकटा भाऊ गेल्यावर माणूस काय करतो? मी कॉफीचं मशीन लावलं.

वर जाऊन पद्मजाला सांगितलं. ती उशीत तोंड खुपसून रडली. मला रडू आलं नाही. डोक्यावरून अंघोळ केली, कपडे केले. खाली आलो तर आईही न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून टेबलाशी बसलेली. तिचा न्हायचा वार शुक्रवार! "उकडत होतं रे रात्रभर," म्हणाली. फोनचं काही विचारलं नाही. झोपेत ऐकू आला नसेल. बरं झालं — राँग नंबरची थाप तयार ठेवली होती.

ऑफिसला गेलो. गाडीच्या दाराच्या लॅचची टेस्ट होती. लॅच पास झालं.

३० जुलै

आईनं नुसता आमटी-भात केला. तिच्या मानानं फारच साधं. जेवलो.

१ ऑगस्ट

आईनं देवांची पूजा केली नाही, आज चौथा दिवस. तिनं डब्यातून आणलेले तिचे देव किचनच्या कोपऱ्यात तसेच बसून आहेत. गुडघे दुखतात म्हणे, उभं राहवत नाही. पद्मजाला "तू कर" असंही म्हणाली नाही.

पद्मजा रात्री कुजबुजली, "सुटले मी. सुतकात पूजा कशी करणार होते? आणि नाही म्हटलं असतं तर कारण काय सांगणार होते?"

आमचं नशीब म्हणायचं, की गुडघे नेमके आत्ताच दुखायला लागले.

३ ऑगस्ट

महिन्याचा पहिला रविवार. साताऱ्यात आमच्या घरी फोन नाही. म्हणून पहिल्या रविवारी शेजारच्या शरयूकाकूंकडे फोन करायचा, त्यांनी प्रसन्नला हाक मारायची आणि मग मायलेकांनी बोलायचं — असा शिरस्ता. मी सकाळपासून पाठ करत होतो : लाइन मिळत नाही, तिकडे वादळ झालंय, तारा पडल्यात.

"आज फोन राहू दे," आईच म्हणाली. "घसा बसलाय माझा."

पद्मजाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दर रविवारी ड्यूटी. घरात आम्ही दोघंच. समोरासमोर. मी टीव्हीवर बेसबॉल लावला. मला बेसबॉल कळत नाही, तिलाही नाही. आम्ही दोघांनी तो संपेपर्यंत पाहिला. असे अजून किती रविवार काढायचे, देव जाणे.

६ ऑगस्ट

फ्रिजवरचा फोटो दिसत नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या विनीताकाकूंची भाची — आई जूनपासून तिच्या मागे होती, प्रसन्नसाठी. "मुलगी बी.एस्सी. आहे, गोरी आहे, गाते," येता-जाता सुरू असायचं. पद्मजानं काढला असेल. बरं केलं. दूध काढायला गेलं की ती मुलगी बघून हसायची.

७ ऑगस्ट

योशिदानं विचारलं, रविवारी मोकळा आहेस का?

योशिदा जपानहून दोन वर्षांसाठी आमच्याकडे आलाय. लॅचमधल्या स्प्रिंगा त्याच्या कंपनीच्या. बोलतो एवढं हळू की आपणही हळू बोलायला लागतो. त्यानं बंदुकांचा एक खेळ सांगितला. तिकडे खऱ्या बंदुकीला बंदी, म्हणून मोठमोठे बापये रविवारी रानात जाऊन खोट्या बंदुकांनी लढाई खेळतात. 'सॉफ्ट एअर' म्हणतात. प्लास्टिकची बंदूक, आत स्प्रिंग, प्लास्टिकची साबुदाण्याएवढी गोळी. येताना चार बंदुका बॅगेत घालून आणल्यात पठ्ठ्यानं.

टूलरूममधला गॅरी हसला. म्हणाला, इथे हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांशेजारी खरी बंदूक मिळते, खोटी कशाला? पण येणार तोही. त्याच्या बहिणीचं रान आहे, उत्तरेला तासाभरावर. तिथेच खेळायचं.

मी हो म्हणालो. रविवार होता म्हणून हो म्हणालो. भजनाला बोलावलं असतं तरी गेलो असतो.

आईला भीतभीतच सांगितलं, रविवारी ऑफिसच्या लोकांबरोबर बाहेर जातोय. वाटलं, मला एकटीला टाकून कुठे निघालास म्हणेल. "जा की," म्हणाली. "दिवसभर राहा. घाई करू नकोस."

१० ऑगस्ट

खेळून आलो. पोळीच्या गुंडाळ्या आईनं दिलेल्या, जपान्यालाही आवडल्या.

मुख्य नियम एकच, तो नीट लिहून ठेवतो. रंगाच्या गोळ्यांचा खेळ असतो, त्यात गोळी लागली की कपड्यावर रंग फुटतो, लपवता येत नाही. यात तसं काही नाही. गोळी लागून खाली पडते, पाचोळ्यात नाहीशी होते. म्हणून ज्याला लागली त्यानंच हात वर करायचा, मोठ्यानं "हिट" म्हणायचं आणि बाहेर लाकडाच्या ओंडक्यावर जाऊन बसायचं. रेफरी नाही. दुसऱ्यानं "तुला लागली" म्हणायचं नाही, ते असभ्य. लागली की आपणच सांगायचं. सगळा खेळ तेवढ्यावर उभा.

दोनदा गॅरीनं मारली असावी, खांद्यावर. मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. तो तोंडानं काही बोलला नाही, पण माझ्या खांद्याकडे बघत राहिला. मी चालत राहिलो.

घरी आलो तर आईचे डोळे सुजलेले. कांदे चिरले म्हणाली. जेवणात कांदा नव्हता.

१२ ऑगस्ट

आईची पूजा परत सुरू. गुडघे बरे झाले. तेलाची नवी बाटली आणून दिली होती, तिचा गुण असेल.

१७ ऑगस्ट

परत गेलो. योशिदाची उसनी बंदूक. आज एकदाही लागली नाही. निदान मी तरी म्हणालो नाही.

निघताना आई दारात उभी होती. "सावकाश ये," म्हणाली. पंचाण्णव मैलांच्या वेगानं ये म्हणणारी आई जगात कुणाची नसते, पण ही दर वेळी सावकाश एवढ्या हौसेनं म्हणते की मला माझीच गंमत वाटते. मला इथे मित्र मिळाले म्हणून खूश दिसतेय.

२३ ऑगस्ट

बंदूक घेतली. आयुष्यातली पहिली.

रॉयल ओकमध्ये छोट्या आगगाड्या आणि विमानांची मॉडेलं विकणारं दुकान आहे. दुकानदार म्हातारा, नाकावर दोन चष्मे, एकावर एक. पहिलीच का, म्हणून विचारलं. हो म्हटल्यावर बंदुकांकडे वळलाच नाही, आधी गॉगल काढून ठेवला. "आधी डोळे, मग बंदूक," असं म्हणाला. बाजूनं बंद असलेलाच घ्यायचा, नुसत्या काचेचा चालत नाही. तो घालायला लावला, बोटानं टिचक्या मारून बघितल्या. मग कुठे बंदुका.

त्यानं तीन काढल्या. एक पिस्तूल — खिशात राहतं पण गोळी वाटेतच दमते. एक गॅसची — तिला टाकी, नळी, भलतं लटांबर. "पहिल्या वेळेला गॅसच्या भानगडीत पडू नका. स्प्रिंगचीच घ्या. बिघडली तरी घरच्या टेबलावर उघडता येते." तिसरी स्प्रिंगची, लांब. दर गोळीला खटका मागे ओढायचा. मी ओढून पाहिला. स्प्रिंग चांगली होती. दिवसभर स्प्रिंगाच बघतो मी, तेवढं कळतं. मागे जाताना सरळ दाबली जात होती, कुठे अडत नव्हती. सोडली की खट्‌ — आणि मग काही नाही.

हीच, म्हणालो.

"तुमच्या मुलासाठी?"

"भावासाठी," मी म्हणालो.

कसं तोंडातून आलं कळलं नाही. म्हातारा खूश झाला. भावाला सांगा, म्हणाला, पार्किंगमध्ये खोक्यातून बाहेर काढायची नाही. लांबून खरी दिसते, कुणी पोलीस बोलावला तर नसता व्याप. आणि गोळ्या एकदा वापरलेल्या परत भरायच्या नाहीत, माती जाऊन नळी अडते. हे सगळं भावाला सांगेन, म्हणालो.

खोकं गाडीच्या डिकीत ठेवलं. पार्किंगमध्ये थोडा वेळ बसून राहिलो. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. मग घरी आलो.

२४ ऑगस्ट

स्वतःच्या बंदुकीचा पहिला दिवस. दोघांना मारलं. त्यांनी लगेच हात वर केले, मुकाट्यानं ओंडक्यावर जाऊन बसले. किती सोपं असतं लोकांना.

मला कुणाची लागली की नाही, सांगता येत नाही.

२६ ऑगस्ट

गराजमध्ये बंदूक पुसत होतो, आई कपडे ड्रायरला टाकायला आली. लपवायला वेळ मिळाला नाही.

"हे काय रे?"

"खेळण्यातली आहे, आई. रविवारी ऑफिसचे लोक खेळतात ना, त्यातली."

तिनं हातात घेतली, वजन पाहिलं. "हलकी आहे."

"प्लास्टिकची आहे."

"आणि गोळी लागली की?"

"लागली की आपणच सांगायचं. मग बाहेर बसायचं."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "मग तू कसा खेळतोस? अंगणात टिकल्यांचं पिस्तूल घेऊन खेळायचात, तेव्हा तू एकदाही मेला नाहीस. 'मला लागलीच नाही, मला लागलीच नाही' म्हणत पळायचास. तो बिचारा दर वेळी मरायचा."

"छान मरायचा," मी म्हणालो.

"हो. तुळशीपाशी आडवा. जेवायला हाका मारून माझा घसा सुकायचा, पण पठ्ठ्या उठायचा नाही."

तिनं बंदूक स्वतः खोक्यात ठेवली, झाकण लावलं. झाकणावरून हात फिरवला, धूळ पुसावी तसा. ड्रायर सुरू करून आत गेली. मी बंदूक पुन्हा बाहेर काढली आणि उरलेली नळी पुसली. दुसरं काय करणार?

२ सप्टेंबर

पद्मजाला सहज विचारलं, फ्रिजवरचा फोटो कुठे ठेवलास. "मी? मला वाटलं तू काढलास." फ्रिजमागे पडला असेल. सरकवून बघायला हवं. कंटाळा आला.

७ सप्टेंबर

गणपती. मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली. आई आली नाही, पुन्हा गुडघे. घरीही मोदक केले नाहीत. इथले नारळ खवट निघतात म्हणाली. जूनमध्ये याच नारळाच्या वड्या केल्या होत्या.

हॉलमध्ये विनीताकाकू भेटल्या. "आईंना का नाही आणलंस? अरे, मला त्यांच्याशी बोलायचं होतं, भाचीचं पुढे काहीच कळवलं नाही त्यांनी. मी दोनदा कॉल केला, म्हणाल्या बघू." मी म्हणालो, बघू. मग काकूंनीच विषय बदलला. दरवर्षी आरतीला पुढे असणारे गुरुदत्त यंदा दिसत नाहीत म्हणून कुणी तरी विचारत होतं. "त्यांच्याकडे यंदा सण नाही," काकू म्हणाल्या. "वडील गेले ना मार्चमध्ये. वर्ष व्हायचंय."

कुणी तरी माझ्या हातात प्रसादाचा मोदक ठेवला. मलाही यंदा सण नाही. हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. खाल्ला. गोड होता. बाकी काही वाटलं नाही.

१४ सप्टेंबर

गॅरी भडकला. सगळ्यांसमोर.

झाडाआडून बाहेर आला, गॉगल कपाळावर चढवला — तेही नियमाविरुद्ध — आणि ओरडला, "यू गॉटा कॉल इट, मॅन! पाचवी गोळी होती ही. पाठीवर. मी आवाज ऐकला." बाकीचे बुटांकडे बघत राहिले. मी म्हणालो, सॉरी, कळलं नाही. "कळलं कसं नाही?" तो म्हणाला. "दुखतं ते!"

चीटर समजतात मला. समजोत.

परतताना योशिदा माझ्या गाडीत होता. मग त्याच्या हळू आवाजात म्हणाला, आमच्याकडे अशा माणसाला झॉम्बी म्हणतात. मेला तरी चालत राहतो तो. मग लगेच माफी मागितली. मी म्हणालो, माफी कशाला, बरोबर शब्द आहे.

१५ सप्टेंबर

मी शर्ट बदलत असताना पद्मजानं पाठ पाहिली. लाल वळ, चण्याएवढे. तिनं एकावर बोट ठेवलं.

"दुखतंय?"

"नाही."

"शेखर, हे नॉर्मल नाही. आईंना सांगून टाक. तुझ्यानं होत नसेल तर मी सांगते."

"मामांना कबूल केलंय."

"मामा साताऱ्यात बसून कबूल करून घेतायत. रोज आईंसमोर ताट घेऊन तू बसतोस. मी बसते. परवा त्या मला म्हणाल्या, शेखर जेवत नाही नीट. मी काय बोलू?"

"ऑफिसचं टेन्शन म्हण."

"म्हटलं. त्या म्हणाल्या, असेल."

तिचं खरं आहे. पण सांगायला बसलो आणि आई कोसळली तर? डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, आणि मग मामांना फोन — 'मीच मारलं तिला' असा. प्रसन्नला गाठता आलं नाही. हिला तरी धडधाकट घरी पोचवायची. माझ्याकडे तेवढं एकच काम उरलंय.

२१ सप्टेंबर

आज खेळायला गेलो नाही. गॅरीची चिडचिड नको वाटली.

आई सकाळी तयार डबा घेऊन उभी. "का रे, नाही जायचं?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. खरंच पडला. डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला. मग दिवसभर आम्ही घरात, आणि ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. जागा सापडत नसल्यासारखी. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली.

"शेखर, काही सांगायचंय का तुला?"

"नाही गं. काय सांगायचं?"

"काही नाही. विचारलं."

मग चहा केला. माझ्यात साखर घालायला विसरली, मी तसाच प्यालो.

२३ सप्टेंबर

प्रसन्नच्या पत्राचं आई विचारत नाही. टपालाच्या संपाची थाप केव्हाची तयार आहे. वापरावीच लागली नाही.

४ ऑक्टोबर

घटस्थापना. आईनं घट बसवला नाही. "इथे शेतातली माती कुठून आणायची?" म्हणाली. मागच्या अंगणात गाडाभर माती आहे. तिला अमेरिकेची माती चालत नसेल.

५ ऑक्टोबर

गेलो. थंडी पडलीय, सगळे जाड जाकिटात. मी पातळ शर्ट घातला. पातळ शर्टावर लागली तर कळेल, असा हिशेब.

पहिल्या डावात झाडामागे बसलो होतो. कुठून तरी खट्‌ खट्‌ आवाज येत होते. मला एकही लागली नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी हात वर केला. "हिट," म्हणालो. मोठ्यानं. पलीकडून गॅरी ओरडला, "थँक यू!"

ओंडक्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं योशिदा आला, त्याला खरोखर लागली होती. शेजारी बसला. म्हणाला, "शेखर-सान, तुमच्यावर नेम माझाच होता. मी सोडली नव्हती."

मग मी त्याला सांगितलं. माझा भाऊ गेला. इंग्रजीत सांगायला काहीच जड जात नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं. आईला मराठीत सांगावं लागेल. तिथे गाडी अडते.

योशिदानं मान खाली घातली. "कधी?" म्हणाला.

"जुलैमध्ये. आईला माहीत नाही. माझ्याच घरी आहे ती."

"जुलैपासून?"

"हो."

त्यानं बंदूक ओंडक्याला टेकवली. "पण त्या तुमच्या आई आहेत," एवढंच म्हणाला. मला वाटलं, त्याचं इंग्रजी कच्चं आहे. पुढे काही तरी म्हणायचं असेल, शब्द सापडला नसेल.

६ ऑक्टोबर

सगळ्यांसमोर हात वर करून, लागलेली नसताना, खोटं बोललो. आणि खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा लोकांचा माझ्यावर विश्वास बसला. कमाल आहे.

१० ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी. साताऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा जोरात असायची — विळी, कोयता, बाबांचा पाना, सायकल. प्रसन्न आपलं टिकल्यांचं पिस्तूलही पाटावर सरकवायचा. बाबा म्हणायचे, हेही हत्यार बरं का. त्यालाही कुंकू लागायचं.

यंदा आपण काहीच केलं नाही तर आईला संशय येईल. गणपती टळला, घट टळला. किती टाळणार? पूजा करायचीच, असं ठरवलं. पद्मजा चिडली.

"या वर्षी सण करायचा नसतो. तुला कळतं ना? नुसतं आईंना दाखवायला करायचा?"

"हो. दाखवायला."

"मी हात लावणार नाही."

नको लावू म्हटलं. संध्याकाळी गाडी धुतली. नर्सरीतून पिवळी फुलं आणली, झेंडूच्या जवळची. बंदूक साफ केली, स्प्रिंगला एक थेंब तेल दिलं. आईला म्हणालो, उद्या माझ्या बंदुकीची पूजा कर. ती "बघू" म्हणाली.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाटावर सगळं मांडलं. विळी, स्क्रू-ड्रायव्हर, कॅलिपर, मधोमध बंदूक. आईला हाक मारली. ती आली, पाटाकडे पाहिलं, हळदीकुंकवाला हात लावला नाही.

"उचल हे सगळं," म्हणाली. "यंदा आपल्याकडे सण नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या पहाटे फोनवर नुसता बरं, बरं म्हणत होतास. साताऱ्याचा फोन, आणि प्रसन्न कसा आहे एवढंही विचारलं नाहीस. तूही डोक्यावरून अंघोळ केलीस, मीही केली." ती खुर्ची ओढून बसली. "इतके दिवस थांबले. आता तू सांग."

"आई, आपला प्रसन्न गेला."

मग मी रडलो. पाटाशेजारी जमिनीवर बसून, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलो. ती केसांतून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं मी विचारलं, आई, तू रडली नाहीस?

"माझं रविवारी होतं," म्हणाली. "तू खेळायला गेलास की."